तारे, तिजोरी आणि बिपिनचा गोल
मुंबई सिटीच्या २०२०-२१च्या विजेत्या हंगामाचा अर्थ

नागपुरात १५ मार्च २०२१ पासून आठवडाभराची कडक टाळेबंदी लागू होणार होती. त्याआधीच्या शनिवारी, १३ मार्चच्या रात्री, शहर सामानसुमानाची जुळवाजुळव करण्यात गुंतले होते. त्याच वेळी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रंगला होता. एका बाजूला कोलकात्याचा एटीके मोहन बागान, तर दुसऱ्या बाजूला मुंबई सिटी एफसी. साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. १-१ अशी बरोबरी होती आणि सामना जादा वेळेकडे झुकला होता. नव्वदाव्या मिनिटाला एक उंच चेंडू बागानच्या गोलक्षेत्राकडे आला. तो अडवण्यासाठी गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे सरसावला, पण चेंडू त्याच्या ताब्यात आला नाही. बार्थोलोम्यू ओगबेचेने तो मिळवला आणि बिपिन सिंगकडे सोपवला. पुढच्या क्षणी चेंडू जाळ्यात होता. मुंबई सिटीने २-१ असा विजय मिळवून पहिल्यांदाच लीगचा करंडक जिंकला.

मँचेस्टर सिटीच्या मालकांचा पैसा, परदेशी खेळाडूंची फौज आणि गोव्याकडून फोडून आणलेला प्रशिक्षक, या सगळ्याची चर्चा त्या हंगामात भरपूर झाली. 'पैशाने विजेतेपद विकत घेतले' असा शेराही अनेकांनी मारला. त्या शेऱ्यात तथ्य होते, मात्र ते अर्धेच होते. त्याच क्लबने त्याआधीही पैसा ओतला होता, तोही मोठमोठ्या नावांवर. तेव्हा हाती फारसे काही लागले नव्हते. मग या वेळी असे काय वेगळे घडले? आणि पैशाने उभे केलेले हे यश पैसा निघून गेल्यावर किती टिकते? ज्या शहरात फुटबॉलची आवड जुनी आहे, पण लीगचा संघ नाही, त्या नागपूरसारख्या शहराने हे दोन प्रश्न नीट समजून घ्यायला हवेत.

नावांची खरेदी

मुंबई सिटीची स्थापना २०१४ची. अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे तिचे मालक. लीगच्या पहिल्या पर्वात प्रत्येक संघाने एक तरी जगप्रसिद्ध खेळाडू आणावा, म्हणजे तिकिटे खपतील आणि दूरचित्रवाणीवर प्रेक्षक मिळतील, असा आयोजकांचा हिशेब होता. मुंबईने स्वीडनचा फ्रेडी लुंगबर्ग आणि फ्रान्सचा निकोलस अनेल्का यांना करारबद्ध केले. लुंगबर्गने दोन वर्षांपूर्वीच निवृत्ती घेतली होती. दुखापतींमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला. इंग्लंडमध्ये झालेल्या कारवाईमुळे अनेल्काला सुरुवातीचे सामने बाहेर बसावे लागले. आठ संघांत मुंबई सातवी आली. त्या हंगामात मुंबईसाठी लीगमधील पहिली हॅट्ट्रिक नोंदवण्याचा मान मिळाला तो आंद्रे मोरित्झ या तुलनेने अनोळखी ब्राझिलियन खेळाडूला.

दुसऱ्या वर्षी अनेल्काकडेच प्रशिक्षकपदही सोपवण्यात आले. खेळाडूंच्या लिलावात सुनील छेत्रीसाठी १.२० कोटी रुपये मोजण्यात आले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली होती. छेत्रीने आपले काम चोख केले. लीगमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. तरीही त्याच हंगामात गोव्याने मुंबईचा ७-० असा धुव्वा उडवला आणि संघ सहाव्या क्रमांकावर राहिला. उत्तम आघाडीवीर संघात असला, तरी चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवणारे आणि मागचे दार बंद ठेवणारे नसतील तर काय होते, याचा तो धडा होता.

२०१६ मध्ये उरुग्वेचा दिएगो फोर्लान आला. २०१०च्या विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला 'गोल्डन बॉल' मिळाला होता. या वेळी कोस्टारिकाचे अलेक्झांडर गिमाराइश यांच्यासारखा अनुभवी प्रशिक्षक होता. संघ साखळीत अव्वल ठरला. पण उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध पहिल्या सामन्यात फोर्लानला लाल कार्ड मिळाले. दुसऱ्या सामन्यात तो खेळू शकला नाही, मुंबईला गोल करता आला नाही आणि प्रवास तिथेच थांबला. एका खेळाडूवर उभा केलेला डोलारा तो खेळाडू नसला की कसा डळमळतो, हे त्या रात्री दिसले.

ही केवळ मुंबईची कहाणी नव्हे. २००३ मध्ये स्पेनच्या रेआल माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला आणले आणि त्याच उन्हाळ्यात क्लॉद माकेलेले या मधल्या फळीतील कष्टकरी खेळाडूला चेल्सीकडे जाऊ दिले. झिदान, रोनाल्डो, फिगो, बेकहॅम असा ताऱ्यांचा मेळा जमला. परंतु स्पॅनिश लीगचे पुढचे विजेतेपद मिळायला २००७ साल उजाडावे लागले. पॅरिसच्या क्लबने २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, पुढे मेसीलाही आणले. युरोपचा सर्वोच्च करंडक मात्र त्यांच्या हाती आला तो २०२५ मध्ये, नेमार, मेसी आणि एम्बापे हे तिघेही निघून गेल्यावर.

जमलेली घडी उचलून आणली

नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीच्या इतिहासाला वळण मिळाले. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचे ६५ टक्के भागभांडवल विकत घेतले. जगभरात क्लब चालवणाऱ्या या समूहाचा मुंबई हा आठवा क्लब. कपूर आणि पारेख यांच्याकडे उरलेला हिस्सा राहिला. नव्या मालकांनी पहिला हंगाम जवळपास जसाच्या तसा पुढे जाऊ दिला. संघ पाचवा आला. खरी हालचाल झाली ती २०२०च्या उत्तरार्धात.

त्या वेळी देशात सर्वांत देखणा खेळ करणारा संघ गोव्याचा होता. स्पेनचे सर्जिओ लोबेरा यांनी तो घडवला होता. बार्सिलोनाच्या व्यवस्थेत वाढलेल्या या प्रशिक्षकाला गोव्याने जानेवारी २०२०च्या अखेरीस पदावरून दूर केले, त्या वेळी संघ साखळीत आघाडीच्या संघांत होता. पुढे त्याच संघाने साखळीतील अव्वल स्थानाची ढाल जिंकली. मुंबईने लोबेरा यांना बोलावले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या संघाचा कणाच उचलला. मधल्या फळीच्या तळाशी राहून खेळाची सूत्रे हलवणारा मोरोक्कोचा अहमद जाहू, उंचापुरा बचावपटू मुर्तदा फॉल, डाव्या बाजूचा गोमंतकीय मंदार राव देसाई आणि आदल्या हंगामातील लीगचा सर्वोत्तम खेळाडू ह्युगो बुमूस, हे सारे गोव्याहून मुंबईत आले. बुमूसचा करार शिल्लक असल्याने त्यासाठी सुमारे १.६ कोटी रुपयांचे शुल्क मोजल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. भारतात बहुतेक खेळाडू करार संपल्यावर, शुल्काविना क्लब बदलतात. त्यामुळे ही रक्कम इथल्या मानाने डोळे विस्फारणारी होती. गोव्यात त्यावर संताप उमटणे स्वाभाविकच होते.

या खरेदीचे मर्म असे की, हे चौघे आणि प्रशिक्षक एकमेकांना आधीपासून ओळखत होते. प्रशिक्षकाला बचावातून चेंडू कसा पुढे न्यायचा आहे, हे फॉलला ठाऊक होते. आपण चेंडू घेतला की बुमूस कोणत्या मोकळ्या जागेत सरकतो, हे जाहूला डोळे मिटून सांगता आले असते. साथीमुळे पूर्वतयारीला वेळ अपुरा होता. प्रशिक्षकाची नेमणूकच ऑक्टोबरमध्ये झाली आणि नोव्हेंबरमध्ये लीग सुरू झाली. अशा वेळी नवा संघ जमवून त्याला एक भाषा शिकवण्यापेक्षा ती भाषा बोलणारी माणसेच आणणे शहाणपणाचे होते. पूर्वीच्या हंगामांत मुंबईने नावे विकत घेतली होती, या वेळी तिने सवय विकत घेतली.

कण्याभोवतीची भर घालतानाही हाच विचार दिसतो. आदल्या हंगामात केरळसाठी १५ गोल करणारा नायजेरियाचा ओगबेचे आणि सिडनीहून आलेला इंग्लंडचा अॅडम ली फाँड्रे, असे दोन कसलेले आघाडीवीर घेण्यात आले. बहुतेक वेळा दोघांपैकी एकच सुरुवातीपासून खेळे आणि दुसरा अखेरच्या अर्ध्या तासात ताज्या दमाने उतरे. थकलेल्या बचावफळीसमोर ओगबेचे येणे ही प्रतिस्पर्ध्यांसाठी शिक्षाच होती. पैशाचा खरा उपयोग इथे दिसला. पहिल्या अकरांपेक्षा बाकावरच्या खेळाडूंनी मुंबईला इतरांहून वेगळे केले.

सहा जागांचे गणित

मात्र परदेशी खेळाडूंच्या कौतुकात एक साधे गणित विसरले जाते. त्या हंगामाच्या नियमानुसार मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त पाच परदेशी खेळाडू उतरवता येत होते. म्हणजे अकरांतील किमान सहा जागा भारतीयांच्याच. परदेशी खेळाडू जवळपास प्रत्येक क्लबकडे चांगले होते. त्यामुळे फरक पडत असे तो या सहा जागांवर. मुंबईचा पाया इथेच पक्का होता आणि तो एका हंगामात घातलेला नव्हता.

गोलरक्षक आणि कर्णधार अमरिंदर सिंग २०१६ पासून संघात होता. मधल्या फळीतील रेनियर फर्नांडिस आणि रॉलिन बोर्जेस आदल्या हंगामापासूनच मुंबईचे होते. उजव्या बाजूच्या बचावात अमेय रानवडे हा मुंबईकर तरुण होता. आणि २०१८ मध्ये कोलकात्याहून आलेला मणिपूरचा बिपिन सिंग डाव्या बगलेवर होता. तो आला तेव्हा त्याच्या नावाचा कुणी गाजावाजा केला नव्हता. दोन हंगाम तो कधी आत, कधी बाहेर असाच राहिला. लोबेरा यांच्या रचनेत जाहूचे लांब तिरके पास नेमके डाव्या बगलेवर पडत. तिथे वेगाने धावून येणाऱ्या खेळाडूची गरज होती आणि बिपिनकडे तो वेग होता. ताऱ्यांच्या सोबतीत साधा खेळाडूही फुलतो, असे म्हणतात. पण त्यासाठी तो आधीपासून संघात असावा लागतो आणि त्याच्यावर कुणाची नजर असावी लागते.

ठेच, घोडदौड आणि पुन्हा ठेच

साथीमुळे संपूर्ण लीग गोव्यातच झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदाने, खेळाडूंसाठी हॉटेलातील बंदिस्त मुक्काम आणि रिकामे सज्जे. मुंबईच्या क्लबने आपला सर्वोत्तम हंगाम मुंबईत एकही सामना न खेळता पूर्ण केला, ही त्या वर्षाची विचित्र कहाणी.

सुरुवात ठेचेने झाली. २१ नोव्हेंबरला पहिल्याच सामन्यात ज्याच्याभोवती सारी रचना बांधली होती, त्या जाहूला मध्यंतरापूर्वीच लाल कार्ड मिळाले आणि नॉर्थईस्ट युनायटेडने मुंबईला १-० असे नमवले. इतक्या खर्चाचे हेच का फळ, असे प्रश्न लगेच विचारले जाऊ लागले. चार दिवसांनी समोर होता गोवा, लोबेरा यांचा जुना संघ. भरपाई वेळेत मिळालेल्या पेनल्टीवर ली फाँड्रेने गोल केला आणि मुंबईने १-० अशी सुटका करून घेतली.

तिथून मुंबईची गाडी रुळावर आली. पुढे सलग १२ सामने संघ अपराजित राहिला. ११ जानेवारीला ओगबेचेच्या एकमेव गोलवर एटीके मोहन बागानलाही नमवले. १३ सामन्यांत ३० गुण, अशी ही घोडदौड होती. ती रोखली पुन्हा नॉर्थईस्टनेच. फेब्रुवारीत तर घसरण सुरू झाली. गोव्याशी ३-३ अशी बरोबरी, बंगळूरुकडून ४-२ असा पराभव आणि त्यापाठोपाठ जमशेदपूरकडून २-० अशी हार. बचावातून छोटे पास देत पुढे सरकण्याची लोबेरा यांची पद्धत देखणी असली, तरी तिच्यात धोका होता. प्रतिस्पर्ध्याने वर येऊन दबाव टाकला आणि एक पास चुकला, की थेट गोलापर्यंत रस्ता मोकळा. हे एव्हाना सर्वांच्या लक्षात आले होते.

साखळीतील अव्वल स्थानाला त्या वेळी विशेष महत्त्व होते. अव्वल संघाला ढाल मिळणार होतीच, शिवाय आशियाई चॅम्पियन्स लीगच्या साखळी फेरीत थेट प्रवेशही. करंडकासाठीची बाद फेरी त्यानंतरची. म्हणजे एकाच हंगामात दोन स्वतंत्र सन्मान. एक सातत्याचा आणि दुसरा निर्णायक दिवशी तग धरण्याचा.

२४ फेब्रुवारीला मुंबईने ओडिशाचा ६-१ असा फडशा पाडला, त्यात बिपिनची हॅट्ट्रिक होती. आता शेवटचा सामना उरला होता तोही नेमका बागानशी. बागान ४० गुणांवर, मुंबई ३७ वर. मुंबईला विजयाखेरीज पर्याय नव्हता. २८ फेब्रुवारीला सातव्याच मिनिटाला फॉलने गोल केला, मध्यंतरापूर्वी ओगबेचेने दुसरा केला आणि सामना २-० असा मुंबईच्या बाजूने झुकला तो झुकलाच. दोन्ही संघांचे २० सामन्यांत १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव आणि ४० गुण, असे तंतोतंत सारखे चित्र तयार झाले. परस्परांतील दोन्ही सामने जिंकल्यामुळे ढाल मुंबईला मिळाली.

आकड्यांकडे पाहिले तर या संघाची जातकुळी कळते. मुंबईने ३५ गोल केले आणि १८ स्वीकारले. बागानने २८ केले आणि १५ स्वीकारले. बागानचे प्रशिक्षक अंतोनिओ लोपेझ हबास यांचा भर दार बंद ठेवण्यावर होता, लोबेरा यांचा समोरचे दार उघडण्यावर. ली फाँड्रेने हंगामात ११ गोल केले, ओगबेचेने ८. सर्वाधिक गोलांचा मान मात्र गोव्याच्या इगोर अँगुलोने १४ गोलांसह मिळवला. मुंबईचा एकही खेळाडू त्या यादीच्या शिखरावर नव्हता, कारण तिथे गोल करणारे अनेक होते.

एका पेनल्टीचे अंतर

उपांत्य फेरीत मुंबईसमोर पुन्हा गोवाच आला. प्रशिक्षक आणि चार आधारस्तंभ गमावूनही गोव्याने जुआन फेरांदो या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पुन्हा संघ उभा केला होता. पहिला सामना २-२ असा सुटला. दुसरा जादा वेळेनंतरही ०-० राहिला. ११९ व्या मिनिटाला लोबेरा यांनी धाडसी निर्णय घेतला. कर्णधार अमरिंदरला बाहेर बोलावून त्यांनी केवळ पेनल्टी शूटआऊटसाठी फुर्बा लाचेन्पाला गोलात उभे केले. मुंबईने ६-५ अशी सरशी साधली. इतका खर्च करणाऱ्या आणि इतके काही गमावलेल्या दोन संघांमध्ये अंतर उरले होते ते एका पेनल्टीचे. 'पैशाने विजेतेपद विकत घेतले' म्हणणाऱ्यांनी हे अंतर जरूर लक्षात ठेवावे.

अंतिम सामन्यात तर या संघाचे गुण आणि दोष एकाच खेळाडूच्या पायांतून प्रकट झाले. अठराव्या मिनिटाला आपल्याच गोलक्षेत्राजवळ जाहूने चेंडू गमावला. रॉय कृष्णाने तो हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने बागानला आघाडी मिळवून दिली. अकरा मिनिटांनी त्याच जाहूचा लांब पास बिपिनच्या दिशेने गेला आणि तो अडवताना बागानच्या तिरीचे डोके लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. पूर्वार्धाच्या अखेरीस झालेल्या जबर धडकेत रानवडे जखमी झाला आणि त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. काही काळ मैदानावर खेळाचा विसर पडावा अशी शांतता पसरली. आणि अखेर नव्वदावे मिनिट. चेंडू ओगबेचेकडून बिपिनकडे गेला. बाकावरून आलेला महागडा परदेशी आघाडीवीर आणि गाजावाजाविना आलेला मणिपुरी तरुण. हंगामाचे सार सांगायला त्या एका गोलापेक्षा वेगळे काही लागत नाही.

विजेत्यांना ८ कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. रक्कम मोठी वाटते. मात्र क्लब चालवण्याचा वर्षाचा खर्च पाहता ती तोकडीच. भारतीय फुटबॉलमध्ये यश हे उत्पन्नाचे साधन नाही. हा मुद्दा पुढच्या घडामोडींशी जोडून पाहावा लागतो.

घडी मोडली, पाया राहिला

विकत आणलेली सवय पुन्हा विकली जाते, याचा अनुभव मुंबईला काही महिन्यांतच आला. बुमूस आणि अमरिंदर हे दोघेही पराभूत बागानकडे गेले. ओगबेचे हैदराबादला गेला आणि तिथे १८ गोल करून त्या संघाच्या विजेतेपदाचा शिल्पकार ठरला. लोबेरा यांनी पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच मुंबई सोडली. नवे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या पहिल्या हंगामात गतविजेता संघ पाचव्या स्थानी घसरला. तरीही ढालीमुळे मिळालेल्या आशियाई स्पर्धेत एप्रिल २०२२ मध्ये या संघाने रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. निर्णायक गोल केला राहुल भेकेने. तोही मुंबईचाच खेळाडू.

नंतरच्या यशात भारतीय खेळाडूंचा वाटा वाढतच गेला. २०२२-२३ मध्ये संघाने २० सामन्यांत ४६ गुण मिळवत पुन्हा ढाल जिंकली. जाहू आणि फॉल २०२३ मध्ये लोबेरा यांच्यामागोमाग ओडिशाला गेले. त्या संघाचा कणा असा दुसऱ्यांदा स्थलांतरित झाला. तरी ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने दुसऱ्यांदा करंडक उचलला. कर्णधार होता राहुल भेके. मुंबईला आघाडीवर नेणारा दुसरा गोल पुन्हा बिपिन सिंगचाच. २०२१ च्या अंतिम सामन्यातील परदेशी ताऱ्यांपैकी त्या दिवशी मुंबईच्या गणवेशात कुणीही उरले नव्हते.

या कहाणीचा शेवट मात्र मैदानाबाहेर झाला. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे व्यावसायिक आयोजक यांच्यातील पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नव्या व्यवस्थेचा घोळ महिनोन्महिने चालला आणि हंगाम लांबणीवर पडला. त्याच महिन्यात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडला. क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला. सहा वर्षांत दोन ढाली आणि दोन करंडक देणारी गुंतवणूक लीगच्या अनिश्चिततेपुढे थांबली.

महाराष्ट्राला हे नवे नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये जोस बॅरेटो, युसुफ याकुबू अशा परदेशी ताऱ्यांसह राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ती जिंकणारा तो महाराष्ट्राचा एकमेव क्लब. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुण्याच्या एफसी पुणे सिटीने डेव्हिड त्रेझेगे आणि आद्रियान मुतू यांच्यासारखी नावे आणली. आर्थिक अडचणींपायी २०१९ मध्ये तोही क्लब गुंडाळला गेला. मालक गेला की क्लब गेला, हा इथला शिरस्ताच झाला आहे.

नागपूरसाठी धडा

विदर्भाला या प्रश्नाचे एक उत्तर क्रिकेटमध्ये आधीच सापडले आहे. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि फलंदाज वसीम जाफर हे दोघेही बाहेरून आणलेले होते. पण कर्णधार फैज फझल नागपूरचा होता. अक्षय वाडकर, आदित्य सरवटे आणि अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी हे खेळाडू विदर्भाच्याच व्यवस्थेतून पुढे आले होते. जाफर निवृत्त झाले, पंडित गेले, तरी २०२४-२५ मध्ये विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला. बाहेरच्या दिग्गजांनी वाट दाखवली आणि चालणारे पाय इथलेच होते. म्हणून यश टिकले.

फुटबॉलमध्ये पाय इथे कमी नाहीत. कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या संघांनी पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ जागता ठेवला आहे. २००१च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतील मुले मोडकी बादली लाथाडत खेळताना पाहून हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू केले. 'स्लम सॉकर' या नावाने ते काम पुढे देशाबाहेर पोहोचले, २०१६ मध्ये त्याला 'फिफा'चा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' चित्रपटामुळे ते घरोघरी माहीत झाले. मुले खेळायला येतात, हे या शहराने दाखवून दिले आहे. कमतरता आहे ती त्यानंतरच्या पायऱ्यांची. वर्षभर चालणाऱ्या वयोगटांच्या स्पर्धांची, शिकवणाऱ्या प्रशिक्षकांची आणि सपाट, राखलेल्या मैदानांची.

मुंबई सिटीच्या हंगामाकडे पाहून उद्या एखादा धनिक नागपूरच्या नावाने संघ काढायला निघाला, तर आनंदच आहे. त्याने जाहू आणावा, बुमूस आणावा, जमल्यास ओगबेचेही आणावा. त्यांच्या पासवर धावणारा बिपिन मात्र तयार असावा लागतो, आणि तो तयार होण्यासाठी लागणारा पैसा वर्तमानपत्राच्या मथळ्यात कधी येत नाही. मालक बदलतात आणि प्रशिक्षकही सामान आवरून पुढच्या शहरात जातात. अशा वेळी शहरापाशी उरते ते मैदान आणि त्यावर रोज संध्याकाळी जमणारी मुले. खर्चाचा पहिला रुपया तिथे पडला, तर शेवटच्या मिनिटाला गोल करणारा कुणीतरी नागपूरचाही असेल.